सिमेंटचे पत्रे उतरवताना : कुपवाडच्या शेडचं छत बदलण्याचा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत आमची हळद दळण्याची आणि पॅकिंगची शेड आहे. सासऱ्यांनी १९९१ साली बांधलेली. लोखंडी कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यावर अँगलचे पर्लिन (ज्यांवर पत्रे बसतात ते आडवे लोखंड) आणि वर सिमेंटचे पत्रे. छताचं क्षेत्र चौसष्टशे चौरस फूट. २०२५ मध्ये ते सगळं छत बदललं. चौकशीला सुरुवात सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आणि शेवटचं काम, म्हणजे सोलरचा नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा), जुलै २०२५ मध्ये बसला. मी माहिती शोधत होते तेव्हा पत्र्यांच्या जाहिराती ढिगाने मिळाल्या. पण कामाचा क्रम काय, कागद कुठले लागतात आणि जुन्या पत्र्यांचं करायचं काय, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०१९ च्या महापुरात सांगलीतल्या गोदामांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कुपवाड उंचावर, त्यामुळे कृष्णेचं पाणी आमच्यापर्यंत येत नाही. आमचं पाणी वरून यायचं. पत्रे धरणाऱ्या जे-बोल्टांखालचे (इंग्रजी J सारख्या वाकड्या बोल्टांखालचे) वॉशर वाळून तडकले होते, गारपिटीत काही पत्र्यांना चिरा गेल्या होत्या. दर मे महिन्यात डांबराच्या पट्ट्या लावायच्या आणि जुलैत पोती हलवायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. जुलै २०२४ मध्ये अन्नसुरक्षा तपासणीत छताबद्दल लेखी शेरा आला. अन्न परवान्याच्या नियमांतल्या परिशिष्ट ४ मध्ये स्पष्ट आहे, की छतावर धूळ साचू नये आणि वाफ धरून थेंब पडू नयेत. शेरा रास्त होता. घरात त्याच आठवड्यात ठरलं, आता ठिगळं बास.

ओळखीच्या फॅब्रिकेटरनी येऊन वर बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, आठ दिवसांत करून देतो. सिमेंटचा काढायचा, कलर पत्रा टाकायचा. वजन कमीच हुतंय, कैच्यांना काय बी होत नाही." नऊ लाखांचा आकडाही सांगितला. पण माझ्या दिराने आग्रह धरला, की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवू. पस्तीस हजार फी होती. आज कुणी मला विचारलं की या सगळ्या कामात कुठला पैसा सर्वांत सार्थकी लागला, तर मी या पस्तीस हजारांकडे बोट दाखवीन.

इंजिनिअर साहेबांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून घेतलं होतं. सिमेंटचा पत्रा चौरस मीटरला तेरा-चौदा किलो भरतो. नवा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा पाच किलोच्याही आत. म्हणजे कैच्यांवरचा खालच्या दिशेचा भार कमी झाला हे खरं, पण वाऱ्याचं काय? वारा छताला नुसता ढकलत नाही, वर उचलतो. जुनं छत निम्मं तरी स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेलं असतं, हलकं छत मात्र धरून ठेवावं लागतं. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात ते यामुळेच. त्यांनी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा हिशेब केला. छताच्या कडा, कोपरे आणि रिजजवळ (छताच्या माथ्याच्या रेषेजवळ) उचल सगळ्यात जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ घ्यायला सांगितले. कैच्या भिंतीवर ज्या बोल्टांनी धरल्या आहेत ते उघडून पाहिले, तर त्यातले काही गंजून पेन्सिलीएवढे झालेले निघाले. शेवटी कैच्या ठेवायच्या, पर्लिन सगळे नवे झेड आकाराचे घ्यायचे, कैच्यांमध्ये तिरके ब्रेसिंग वाढवायचे आणि नवे अँकर बोल्ट टाकायचे असं ठरलं. सोलर कधी घ्यायचं असेल तर त्याचं वजनही आत्ताच धरा, हेही त्यांनीच सुचवलं. पॅनेल आणि स्ट्रक्चर मिळून चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास जातं. नऊ लाखांच्या त्या अंदाजात यातलं काहीही नव्हतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर कोटेशन गोळा करण्यात गेले. इथे थोडं थांबून सांगते, कारण बहुतेकांचा घोळ याच टप्प्यावर होतो.

सध्या कारखान्यांवर आणि गोदामांवर बहुतेक करून ॲल्युमिनियम-झिंकचा थर दिलेला कलर पत्रा बसतो. सगळे त्याला गॅल्व्हल्यूम म्हणतात. त्या थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण ४३.४ टक्के जस्त आणि उरलेलं सिलिकॉन असतं. नुसत्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा तो गंजाला जास्त टिकतो. थर किती ते एझेड या अक्षरांपुढच्या आकड्यावरून कळतं. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. स्वस्त कोटेशनमध्ये हा आकडा ७० असतो किंवा लिहिलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट जाडीची. "पॉइंट फिफ्टी", म्हणजे ०.५० मिलिमीटर, म्हटलं की आपण समाधान मानतो. पण मूळ पोलादाची जाडी वेगळी आणि थर चढल्यावरची वेगळी. पहिलीला बीएमटी म्हणतात, दुसरीला टीसीटी. टीसीटी ०.५० असेल तर पोलाद ०.४५ च्या आसपास असतं. एका पुरवठादाराने ०.५० म्हणून दिलेला नमुना आमच्या वर्कशॉपमधल्या मायक्रोमीटरवर ०.४२ भरला, तोही रंगासकट. कोटेशनवर टीसीटी, बीएमटी, एझेड आणि रंगाचा प्रकार या चारही गोष्टी लिहून घ्या. माल आला की मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि पत्र्याच्या मागच्या बाजूचा छापा त्याच्याशी ताडून पाहा. आम्ही ०.५० टीसीटी, एझेड १५० घेतला, चौरस फुटाला ५६ रुपये पडला. रंग पांढुरका. एमआयडीसीत निळा जास्त दिसतो, पण फिका रंग ऊन परत फेकतो आणि आमच्या बायका दिवसभर त्याच छताखाली पॅकिंगला बसतात.

पत्र्याखाली काय घालायचं यावर घरात बराच खल झाला. सिमेंटचा पत्रा थोडी ओल पिऊन घेतो, लोखंडी पत्रा पीत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्रा गार पडतो, आतली दमट हवा त्याला लागते आणि पत्र्याला आतून घाम सुटतो. थेंब सरळ मालावर. गुळाच्या गोदामावर नुसता कलर पत्रा टाकून पस्तावलेले एक गृहस्थ मला मार्केट यार्डात भेटले होते. त्यामुळे इन्सुलेशनला मी उन्हाइतकंच या थेंबांसाठी महत्त्व देते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला वापरतात तसे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले) सगळीकडे टाकायचे तर बजेट हाताबाहेर जात होतं. म्हणून पॅकिंगच्या चौदाशे चौरस फुटांवर चाळीस मिलिमीटरचं पफ पॅनेल, चौरस फुटाला १४० रुपये, आणि बाकी सगळीकडे पत्र्याखाली फॉइल लावलेला दहा मिलिमीटर फोम, २४ रुपये. फोम घेताना आगीच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागून घ्या, विमावालेही ते विचारतात. आणि फोमचे जोड टेपने पूर्ण बंद करा. फट राहिली तर घाम तिथेच धरतो.

उजेडाच्या पत्र्यांबाबत आम्ही वेगळा निर्णय घेतला. हल्ली पॉलिकार्बोनेटच्या पट्ट्या सरसकट टाकतात, विजेची बचत होते. पण उन्हाने हळदीचा रंग उडतो, कारण त्यातलं कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. म्हणून पॉलिकार्बोनेट फक्त दळणाच्या हॉलवर आणि गोदामावर एकही नाही. त्या पत्र्याची यूव्ही थर असलेली बाजू वर यायला हवी. वरच्या फिल्मवर तसं छापलेलं असतं, ते बसवणाऱ्याला दाखवून घ्या.

कागदपत्रं. एमआयडीसीच्या भूखंडावर बांधकामाचं नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच असतं, त्यामुळे महापालिकेत चौकशी करून उपयोग नसतो. आमच्या आर्किटेक्टचं म्हणणं होतं की उंची आणि क्षेत्रफळ तेवढंच राहणार असेल तर ही दुरुस्तीच, पण लेखी कळवून ठेवायचं. नकाशाची प्रत, इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि अर्ज दिला, पोच घेतली. ती पोच पुढे बँकेला आणि विमा कंपनीलाही लागली. उंची वाढवणार असाल तर मात्र रीतसर मंजुरी घ्यावी लागेल.

कर्जासाठी बँकेने उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), तीन वर्षांचे ताळेबंद, तीन कोटेशन आणि इंजिनिअरचा अहवाल मागितला. पंचवीस टक्के रक्कम आमची. अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिला, मंजुरीपत्र २० जानेवारीला हातात आलं. हा काळ फार जड गेला. नवी हळद फेब्रुवारीपासून बाजारात जोर धरते आणि आमची खरेदी तेव्हाच असते. जानेवारीत काम उरकायचा बेत मोडला. शेवटी शेड दोन भागांत करायची ठरली, अर्ध्या भागात माल आणि अर्ध्या भागात काम, मध्ये ताडपत्रीची भिंत.

कर्ज घेण्याआधी सीएंना एक प्रश्न जरूर विचारा. हा खर्च भांडवली धरायचा की दुरुस्तीचा? जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे इमारतीचा खर्च भांडवली म्हणून दाखवला, तर त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट (आपल्या विक्रीवरच्या करातून वजावट) मिळत नाही. आमचं नवं छत भांडवली ठरलं, त्यामुळे १८ टक्के खिशातून गेले. आधी कळल्यामुळे कर्जाच्या आकड्यात ते धरता आले.

आता जुने पत्रे. हा भाग कृपया नीट वाचा.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत ते सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. फोडला, कापला, घासला की हवेत सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांचा आजार वीस-तीस वर्षांनी फुप्फुसांत निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक आहेत. आपल्याकडे हे पत्रे विकायला आणि वापरायला आजही बंदी नाही, त्यामुळे ते उतरवताना कुणी विचार करत नाही. ग्राइंडरने बोल्ट कापायचे, पत्रे वरून खाली टाकायचे, तुकडे खड्ड्यात भरायचे, अशीच सर्रास पद्धत आहे.

हे काम ज्यांना दिलं त्या मिरजेच्या मिस्त्रींना आम्ही आधीच अटी लिहून दिल्या. उतरवण्याच्या दिवशी पत्र्यांवर साबणाच्या पाण्याचा फवारा. ग्राइंडर नाही, बोल्ट कटरनेच तोडायचे. पत्रा फेकायचा नाही, दोरीने उतरवायचा. प्रत्येकाला एन ९५ मास्क आणि अंगभर पातळ सूट, जो संध्याकाळी इथेच काढून पिशवीत जाईल. कोरडा झाडू मारायचा नाही. आणि कुणीही थेट पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो आणि खाली काँक्रीटची जमीन असते. फळ्यांवरूनच चालायचं, कमरेला पट्टा, पट्टा लाइफलाइनला (वर पक्क्या बांधलेल्या दोराला). मजुरांचा नुकसानभरपाईचा विमा काढल्याची प्रत पाहिल्याशिवाय काम सुरू केलं नाही.

२४ फेब्रुवारीला पहिला पत्रा उतरला. ओला, शेवाळलेला, काळा पडलेला. दोघांनी दोन्ही टोकांना धरून बाळाला निजवावं तसा प्लास्टिकवर ठेवला. उन्हात सूट घालून काम करणं सोपं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "ताई, पोरं उकडून निघाल्यात, दुपारी बंद ठेवू." मग सकाळी सहा ते अकरा आणि साडेचारनंतर असं काम लावलं, मजुरी पूर्ण दिवसाची दिली. त्यातला एक मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. तो सारखा मास्क गळ्यात ओढायचा. त्याला मी बसवून सांगितलं, की याचा त्रास तुला आत्ता नाही, तुझी पोरं मोठी झाल्यावर होईल. त्यानंतर त्याने मास्क काढला नाही.

पत्रे उतरू लागले तशी मागणी सुरू झाली. "एवढं चांगलं पत्रं टाकून का देताय? गोठ्याला हुतील की." मागणारी माणसं ओळखीची, गरजेची. नाही म्हणताना जीव तुटला. पण जुना, झिजलेला पत्रा परत भोकं पाडून गोठ्यावर चढवायचा, म्हणजे तीच धूळ दुसऱ्याच्या घरात पाठवायची. मी कुणालाही दिला नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयात आधीच जाऊन विचारलं होतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉस येतं. ते अधिकृत प्रक्रिया केंद्रातच जायला हवं आणि वाहतुकीसोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा नोंदीचा कागद) लागतं. आमचा माल पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या केंद्रात गेला. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, टेप लावून, बाहेर ॲस्बेस्टॉस असं मोठ्या अक्षरांत लिहून. आठ-नऊ टन भरलं. नोंदणी, वाहतूक आणि केंद्राची फी मिळून एक लाख पंधरा हजार. बजेटमध्ये ही ओळ पहिल्यापासून ठेवा, नाहीतर शेवटी पैसे संपतात आणि पत्रे ओढ्याकाठी जातात. मॅनिफेस्टची प्रत मी शेडच्या फाईलला लावून ठेवली आहे.

नवे पर्लिन आणि पत्रे मार्च महिन्यात बसले. बसवताना मी रोज वर चढत होते. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूच्या रबरी वॉशरकडे बघायला शिका. वॉशर किंचित फुगला की थांबायचं. चेपून बाहेर आला तर स्क्रू जास्त आवळला, दोन उन्हाळ्यांत फाटणार. स्क्रू मारताना लोखंडाचा बारीक कीस पत्र्यावर पडतो. तो रोज संध्याकाळी मऊ ब्रशने झाडून काढायला लावा. रात्रभर राहिला आणि दव पडलं, तर सकाळी तिथे तांबूस ठिपके दिसतात. भिंतीच्या कडेला प्लास्टरचं ओलं सिमेंट पत्र्याला लागू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या थराला ते खातं. पन्हळी आम्ही जुन्यापेक्षा रुंद केल्या आणि उतरणीचे पाइप वाढवले. वर आठ टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून आतली गरम हवा बाहेर काढणारे) बसवले, नग ५,२०० रुपये. टर्बोला खालून हवा मिळाली नाही तर तो नुसता गरगरतो, म्हणून भिंतीत खाली जाळीचे झरोके काढले. जाळी बारीक घेतली, पाखरं आणि किडे आत नकोत.

छताचा एकूण खर्च, जीएसटीसह, सव्वासोळा लाखांच्या आसपास आला. त्यात पर्लिन, पत्रे, इन्सुलेशन, पन्हळी, मजुरी, जुन्या पत्र्यांची विल्हेवाट सगळं आलं. एप्रिलमध्ये पॅकिंगच्या टेबलावरचा थर्मामीटर दुपारी आदल्या वर्षीपेक्षा चार-पाच अंश खाली होता.

२०२५ चा मे तुम्हाला आठवत असेल. मॉन्सून केरळात २४ मेलाच आला, मुंबईत २६ मेला, आणि आपल्याकडे त्याआधीपासूनच पाऊस कोसळत होता. काम मेअखेरीस संपवायचं ठरवलं असतं तर अर्धी शेड उघडी सापडली असती. त्या पहिल्या मोठ्या पावसात मी आणि दीर बॅटरी घेऊन एकेक जोड तपासत फिरलो. पॅकिंगच्या बाजूला रिजच्या कॅपिंगखाली (माथ्यावरच्या झाकणपट्टीखाली) एका ठिकाणी ओल दिसली. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी येऊन ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) नव्याने लावली. कराराचे शेवटचे दहा टक्के मी एका पावसाळ्यानंतर द्यायचे ठरवले होते. ही अट प्रत्येकाने घालावी. पत्र्यावर पावसाचा आवाज मात्र सिमेंटपेक्षा जास्त येतो, फोन ऐकू येत नाही. फोम असूनही.

सोलरचं थोडक्यात सांगते. वीस किलोवॅट, दक्षिण उतारावर, एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी घरांना आहे, कारखान्याला नाही. सबसिडी नसल्याने आम्ही २०२५ मध्ये घेतलं तेव्हा देशी सेलच्या पॅनेलचं बंधन नव्हतं, पण पॅनेल सरकारच्या एएलएमएम यादीतलं (मान्य पॅनेल आणि उत्पादकांची यादी) लागतं. कारखान्याला घसारा ४० टक्के मिळतो, तो सीएंशी बोलून घ्या. महावितरणकडे अर्ज ऑनलाइन. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, आमची त्यापेक्षा मोठी असल्याने झाली. अर्ज एप्रिलमध्ये, मग करार, उभारणी, मीटरची तपासणी, आणि जुलैत नेट मीटर. एवढा काळ धरूनच हिशेब करा, तोपर्यंत हप्ता सुरू झालेला असतो. पॅनेलचे पाय पत्र्याच्या उंच कण्यावर, पर्लिनच्या रेषेतच घ्यायला लावले आणि प्रत्येक भोकाला रबर पॅड. खर्च पावणेदहा लाख. आम्ही घेतलं तेव्हा पॅनेलवर जीएसटी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ झाला आहे. आता घेणाऱ्यांना तेवढा फायदा.

विमा कंपनीला छत बदलल्याचं आणि सोलर बसवल्याचं कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घेतली. वादळ-पुराचं कलम पॉलिसीत आहे ना, ते त्याच वेळी वाचलं. सोलरची रक्कम वेगळी दाखवावी लागते. दिवाळीनंतर सगळे स्क्रू एकदा तपासून घेतले, पन्हळी साफ केल्या, मिस्त्रींचे उरलेले दहा टक्के दिले. ऑफिसवरचा छोटा स्लॅब अजून तसाच आहे. त्याला जानेवारीत वॉटरप्रूफिंग करून वर ऊन परतवणारा पांढरा थर द्यायचा आहे, त्याची कोटेशन सध्या मागवते आहे.